पळालेल्याचे पेढे

जेवणाच्या सुट्टीनंतर मनकर्णा बोर्डावर येऊन बसली, तेव्हा तिच्या हेडसेटशेजारी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक पेढा ठेवलेला होता. परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजात पेढ्याचं कुणाला नवल नव्हतं. मोंढ्यातल्या एखाद्या आडत्याला नातू झाला, मुंबईचा कॉल वेळेवर लागून कुणाचा सौदा जमला, की पुडा यायचा. तिनं पेढा तोंडात टाकला आणि हेडसेट डोक्यावर चढवता चढवता विचारलं, "कशाचा हो, दत्तराव?" दत्तराव सुपरवायझर. खुर्चीत मागं रेलून ते दाढेतला पेढ्याचा कण जिभेनं काढत होते. "कमाल हाय बाई तुमची! तुमच्याच घरचे पेढे, अन् आमालाच इचारायलात? तुमच्या आई येऊन गेल्या की आत्ता. भाऊ सुटला म्हनं तुमचा त्या इराण-इराकच्या भानगडीतून. जहाजावरून पळाला म्हनं पठ्ठ्या. लय बेस झालं." पेढा तिच्या जिभेवर अर्धा विरघळला होता. समोर बोर्डावर दिवा लागला. तिनं पेढा गालात सारला, कॉर्ड खोचली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "नंबर प्लीज."

जिंतूरचा कुणीतरी अकोल्याशी सरकीच्या भावाबद्दल बोलू लागला. गोड लाळ घशाशी साचत होती आणि ती गिळायची नाही एवढंच तिनं ठरवलं होतं. दत्तरावांचं चालूच होतं. आईतवारी पिंगळीला जेवायला बोलावलंय, बिरोबाला बोकड हाय म्हनं, आमी स्टाफ समदे यिऊ. "अन् हां, सुनेला तिच्या म्हायेरी बोरीला धाडायलेत ना? त्याच दिवशी तुमी तिला घिऊन जानार म्हनल्या आई. बरोबर हाय. घरातली बाई धड आसती तर मानूस परत आला नसता का? तिकडंच कशाला ऱ्हायला आसता?" मनकर्णा उठली. खिडकीशी जाऊन तिनं खालच्या नालीत थुंकलं, तोंड पुसलं, परत येऊन बसली. तिघांचे दिवे लागले होते. तिनं तिघांनाही एकाच आवाजात नंबर विचारला. या आवाजाबद्दल तिचं एक्स्चेंजात नाव होतं. बाईचा आवाज चढत न्हाई, पडत न्हाई, असं दत्तराव नव्या पोरींना सांगायचे.

पेढ्यांची मूळ खबर तिनंच आईला दिली होती. रेडिओवर बातम्यांत आखातातल्या एका तेलाच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडल्याचं सांगितलं त्या दिवसापासून ती एकही बातमीपत्र चुकवत नव्हती. जहाजाचं नाव सांगितलं नव्हतं. आग आटोक्यात आली एवढंच, आणि मग हवामान. तिनं मुंबईच्या त्या ऑफिसाला कॉल लावला. येडबाला, तिच्या भावाला, बोटीवर चढवणारं ते ऑफिस. जहाजाचा मालक तिसऱ्याच देशाचा, झेंडा चौथ्याच देशाचा, तेल कुणाचं ते कुणालाच माहीत नसायचं. फोनवर आलेल्या माणसाचा आवाज स्वच्छ होता, मऊ, शाळेतल्या चांगल्या मास्तरासारखा. "बाई, आधी आपण शांत व्हा. आपले बंधू जहाजावर नव्हतेच. ते त्याआधीच खोरफक्कान बंदरात उतरले. स्वेच्छेनं." मग ते कुठं आहेत, तिनं विचारलं. "ते आम्ही कसं सांगणार? उतरलेल्या माणसाची जबाबदारी आमच्यावर राहत नाही. पळून गेले असावेत. करतात मुलं असं, तिकडं कामं मिळतात. आपण तर आनंद मानायला हवा." तेव्हा तिला आनंद झालाही होता. त्याच आनंदात ती पॅसेंजरनं पिंगळीला गेली आणि मेंढवाड्याच्या तोंडाशी लेंड्या गोळा करत बसलेल्या कासाबाईला, आपल्या आईला, ओरडूनच म्हणाली की येडबा वाचला, पळाला. कासाबाईनं हातातली पाटी खाली टाकली. "पळाला? माझा येडबा?" मग ती मांडीवर थाप मारून हसायला लागली. मनकर्णानं आईला असं हसताना लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. येडबाच्या आधीचे मुलगे पाळण्यातच गेले होते. म्हणून या पोराचं नाव मुद्दाम तसं ठेवलं, यमानं यादी वाचली तरी येड्याकडं कोण बघतंय म्हणून. "बघ, बघ," कासाबाई हसत म्हणत होती, "मी काय नाव ठिवलं! लागलं का न्हाई कामाला?"

त्यानंतर अब्बासचा कॉल आला. भर दुपारचा, मुंबईहून, नाव सांगून मागितलेला पी. पी. कॉल. औरंगाबादची ऑपरेटर म्हणाली, परभणी, तुझ्याकडं मनकर्णा कोण आहे, तिच्यासाठीच आहे. "ताई, मी अब्बास. दाभोळकडचा. तुमच्या भावाबरोबर बोटीवर होतो. तो सांगायचा, माझी अक्का टेलिफोनात बसते, तिच्यासाठी नंबर सांगावा लागत नाही, नुसतं परभणी मागायचं." तो माणूस थांबून थांबून, एका दमात न जमणारं बोलत होता. मधेच खोकत होता. तिनं ऐकलं ते नंतर इतक्या वेळा मनात फिरवलं होतं, की आता त्यातली वाक्यं त्याची कोणती आणि तिची कोणती हे वेगळं करता येत नव्हतं. खोरफक्कानला बोट नांगरून उभी होती. पुढं इराणच्या खार्ग बेटावर तेल भरायला जायचं, आणि त्या वाटेवर रोज कुठली ना कुठली बोट पेटत होती. काही जणांनी सांगितलं, आम्ही पुढं येत नाही, आम्हाला इथंच उतरवा. तसा हक्क होता. येडबा त्यांत पुढं होता, पंपावरचा माणूस, त्याच्याशिवाय तेल चढत नाही की उतरत नाही. ऑफिसानं मान्य केलं. यांची नावं उतरलेल्यांत लिहिली, सह्या घेतल्या. आणि मग सांगितलं की बदलीची माणसं अजून आली नाहीत, एवढी एक खेप करा, परत आल्यावर खरेच उतरा. खेप झाली. परत येताना मागच्या बाजूला, जिथं माणसं झोपतात आणि इंजिन असतं, तिथं क्षेपणास्त्र येऊन आदळलं. "आम्ही दोघं उडी मारली, ताई. पाण्यावर तेल होतं. माझा हात गेलेला, पोहता येईना. मी कोकणातला, समुद्रात वाढलो, आणि मला पोहता येईना. तो तुमच्या विहिरीत शिकलेला. त्यानं एका हातानं माझी हनुवटी धरली, अशी खालून, तोंड वर. आणि कानाशी काहीतरी म्हणत होता, हुर्र, हुर्र, असं. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला याच्या. टगबोट आली, त्यांनी मला ओढलं. त्याला घ्यायला हात खाली गेला, तर तो नव्हता." तो पुन्हा खोकला. "मी ऑफिसात गेलो, ताई. ते म्हणाले, तू तर बोटीवर नव्हतास. मी हात दाखवला. म्हणाले, घरी स्टोव्हबिव्ह भडकला असेल."

हुर्र म्हणजे काय ते अब्बासला कळायचं कारण नव्हतं. लोकर कातरायच्या आधी मेंढ्या धुवाव्या लागतात. मनकर्णाचे वडील सगळा कळप दुधना नदीच्या डोहावर न्यायचे, आणि ती आणि येडबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एकेक मेंढी पुढं घ्यायचे. मेंढीला पाण्याची भीती नसते, नाकात पाणी जायची असते. डावा तळवा तिच्या जबड्याखाली लावून तोंड वर धरायचं आणि कानाशी हुर्र हुर्र म्हणत राहायचं, की ती अंग सोडून देते. मग उजव्या हातानं लोकरीतला चिखल दाबून काढायचा. येडबाच्या हातात मेंढी कधी धडपडली नाही. थोरल्या बहिणीपेक्षा त्याचा हात शांत, असं वडील म्हणायचे आणि तिला राग यायचा. पुढं तो आय.टी.आय.ला गेला, पंप शिकला, मुंबईला गोदीत लागला, बोटीवर गेला. रजेवर आला की सांगायचा, अक्का, समुद्र बघून पहिल्यांदा मला वाटलं, एवढ्या पाण्यात किती कळप धुवून निघतील! आणि शेवटी त्यानं त्या समुद्रात एक माणूस मेंढरासारखा धरला. हे तिला दिवसभरात कधीही दिसायचं. परळीचा कॉल लावताना, भाकरी थापताना, रस्त्यानं चालताना. रडू यायचं नाही. दाढा एकमेकांवर आवळल्या जायच्या. हात नसलेला माणूस पुढं उभा आहे आणि तो मऊ आवाज त्याला विचारतो आहे, स्टोव्ह भडकला का?

असे मऊ शब्द तिनं आधीही वाचले होते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात ती नोकरीला नवीन होती. एका खेड्यातून, नाव आजही ती तोंडानं घेत नाही, ग्रामपंचायतीच्या फोनवरून कुणीतरी मास्तर बोलला: वस्ती पेटवली, माणसं रानात पळायलीत, पोलिसांना द्या. तिनं कॉर्ड खोचली. पलीकडं घंटी वाजत राहिली. मास्तर विचारत राहिला, "लागला का बाई, लागला का?" आणि ती म्हणत राहिली, "वाजतोय, होल्ड करा." शेवटी मास्तरकडची तारच तुटली, पोलिसांकडची घंटी मात्र वाजत होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात होतं, परिस्थिती नियंत्रणात. तिच्या चुलत्यानं, रायभाननं, ते पान वाचून घेतलं आणि तंबाखू मळत म्हणाला, आपल्याला काय करायचंय, आपलं मेंढरू तर कुणी जाळलं न्हाई. त्या वेळी ती काही बोलली नव्हती. इतकी वर्षं झाली, मोर्चे आजही खिडकीखालून जातात, घोषणा वर येतात आणि दत्तराव उठून खिडकी लावून घेतात. नियंत्रणात. स्वेच्छेनं. हे शब्द कोण बनवतं, कुठल्या खोलीत बसून बनवतं, त्या माणसाला घरी बायकापोरं असतात का, ती त्याला जेवायला वाढतात का, याचा तिनं पुष्कळ विचार केला होता. आणि अब्बासचा कॉल आल्यावर ती स्वतःही तेच करत होती. आईला सांगायला म्हणून दोनदा स्टेशनवर गेली आणि दोन्ही वेळा परत फिरली. आई जेवायला लागली होती. झोपायला लागली होती. तिचं मेंढरांशी बोलणंही परत सुरू झालं होतं. पलीकडं घंटी वाजतेय, होल्ड करा.

रविवारी ती पिंगळीला उतरली तेव्हा मेंढवाड्यापुढं घोंगड्या अंथरलेल्या होत्या आणि भाऊबंद जमले होते. बोकड खुंट्याला बांधलेला, कपाळाला हळद. मधोमध रायभान नाना बसलेला. "या टेलिफोनबाई!" तो म्हणाला. "तुमच्यामुळं खबर लागली, न्हाईतर आमी सुतक धरून बसलो आसतो." कुणीतरी म्हणालं, येडबा आता अरबस्तानात उंट वळायला आसंल. "मेंढरं वळनाराला उंट काय जड? मान तेवढी वर करून बघावं लागंल!" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "एखादी तिकडचीच केली आसंल त्यानं. हितली तर काय..." आणि वाक्य तिथंच ठेवून त्यानं घराच्या मागच्या बाजूला मान वळवली. पुन्हा हसू. कासाबाई नवं लुगडं नेसून माणसांना पाणी देत फिरत होती. मनकर्णाला पाहून तिनं तिचा गाल दाबला. "आलीस मने? खा आधी. मग त्या बायनाला घिऊन जा बाई. मला तिच्यावर राग न्हाई. पर नाना म्हनतेत ते बी खरंच हाय. लेकराला घरची वढ आसती तर पळून त्यो घरी आला आसता. दुसरी सोयरीक बघू, मंग कळवू त्येला कसंबी, की बाबा आता ये."

मनकर्णाला हे सगळं पाठ होतं. तिचा स्वतःचा नवरा असाच कुठंतरी जिवंत होता. चारठाण्याला एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, दुसरीबरोबर, हे नंतर कळलं. पण आधी दोन आखाड्या, म्हणजे दोन वर्षं, लोक एवढंच म्हणत होते, की मानूस घर सोडून जातो म्हंजे घरात काहीतरी असतंय. त्या काहीतरीचं बोट कायम बाईकडं. विहिरीवर बायका तिच्यासाठी जागा करायच्या नाहीत आणि मग म्हणायच्या, हिला कुणाशी बोलायला नको. वडिलांनी तिला परत शाळेत घातलं नसतं, मॅट्रिक करून परभणीला धाडलं नसतं, तर तीही एखाद्या घराच्या मागच्या बाजूला गठुडं बांधून बसली असती.

येडबाची बायको बायना घराच्या मागं कांदे चिरत होती. शेजारी गठुडं बांधून ठेवलेलं. कपाळाला कुंकू, नेहमीपेक्षा मोठं. कांद्यामुळं डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती, त्याचा तिला उपयोग होत होता. "चला अक्का," ती म्हणाली. "एवढे चिरते अन् निघू. गाडीची येळ व्हईल. मला आता हितं बसवत न्हाई." कुणी काय म्हनलं, मनकर्णानं विचारलं. "कायबी न्हाई. नाना म्हनले, पायगुन. आत्याबाई म्हनल्या, तुझ्या आईला नमस्कार सांग." विळीवरचा हात थांबला. "अक्का, एक इचारू? त्ये आले तर तुमी मला कळवताल? घरी न्हाई येत मी. ठेसनावर उभी ऱ्हाते लांब. मला फकस्त त्येंला एकदा इचारायचंय, माझं काय चुकलं? त्येंनी जाताना मला कायबी म्हनलं न्हाई. चांगलं हसून गेले. म्हनून मी रोज समदं आठवून बघायलेय, काय चुकलं आसंल? भाकर करपली व्हती एकदा. पर भाकर करपली म्हनून कुणी एवढ्या लांब पळतंय का?"

मनकर्णाच्या कानात काहीतरी बंद झालं, जसा एखादा ट्रंक कॉल एकदम तुटतो आणि आपलाच श्वास ऐकू येतो. ती उठली. समोरच्या घोंगड्यांवर आली. आईच्या हातातला तांब्या तिनं काढून घेतला आणि खाली ठेवला. "आई, येडबा पळाला न्हाई. त्यो मेला." हसणं एकदम थांबलं नाही, कडेच्या लोकांना ऐकू गेलं नव्हतं, ते थोडा वेळ हसतच राहिले. नाना म्हणाला, "काय बोलायलीस मने, देवाच्या दारात?" तिनं सांगितलं. तिचा आवाज चढला नाही की पडला नाही, आणि तिला स्वतःच्या त्या आवाजाचा राग आला. अब्बास, खेप, उतरल्याच्या सह्या, आग. कासाबाई ऐकत होती आणि मान हलवत होती, एखाद्या पोराचं खोटं ऐकावं तशी. "फोनवर कुनीबी कायबी बोलतंय. एवढ्या मोठ्या हापिसातला सायब सांगतो ते खोटं, अन् कोन कुठला खलाशी सांगतो ते खरं? माझा लेक पळालाय. त्येचं नावच तसं हाय."  मनकर्णा आईजवळ सरकली. डावा तळवा आईच्या जबड्याखाली लावला आणि तोंड वर केलं, डोहात धरतात तसं. "त्या मानसाला येडबानं आसा धरला व्हता, आई. अन् कानाशी हुर्र म्हनत व्हता. त्या कोकन्याला हे कुठून सुचंल?"

कासाबाईचं तोंड वर होतं. तिनं ते सोडवून घेतलं नाही. गळ्याची कातडी ताणली होती आणि तिच्या आत काहीतरी गिळलं जात होतं, परत वर येत होतं, परत गिळलं जात होतं. मग तिनं मुलीचा हात सावकाश काढून बाजूला केला. "हुर्र म्हनला?" "हो." "मंग त्यो जगला का?" "जगला. हात गेला, पर जगला." कासाबाईनं मान डोलावली, कामाचं विचारून झाल्यासारखी. मागं बायकांनी गळा काढला. ती वळली. "गप बसा गं! कोन रडायलंय? माझ्या लेकाची मयत झालेली न्हाई आजून. कागदावर जित्ता हाय त्यो, पळपुटा. आदी त्येला नीट मारू तर द्या." नानाला म्हणाली, "बोकड सोडा." "अगं पर देवाला बोललेलं..." "देवाशी मी बोलते. सोडा म्हनलं ना!" नानानं उठून दावं सोडलं, बोकडाला कुठं जायचं ते कळेना, तो तिथंच घोंगडीची कड चघळत उभा राहिला. कासाबाई घराच्या मागं गेली. बायना विळीवर तशीच होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं आणि हातात अर्धा कांदा होता. कासाबाईनं पायानं गठुडं दूर लोटलं आणि सुनेच्या शेजारी मातीत बसली. नवं लुगडं मळलं.  बऱ्याच वेळानं बायनाचा हात कपाळाकडं गेला, तेव्हा म्हातारीनं तो मनगटाला धरला. "आसू दे. मी सांगते तवा. त्या हापिसवाल्यांनी आदी तोंडानं म्हनलं पायजे." मग मनकर्णाकडं न बघता तिनं विचारलं, "त्या हापिसाला तुझा फोन लागतो का गं?"

दुसऱ्या दिवशी त्या तिघी एक्स्चेंजात शिरल्या तेव्हा दत्तराव खुर्चीतून अर्धे उठले. बाहेरच्या माणसाला बोर्डाच्या खोलीत मनाई होती, दारावर तसं लिहिलेलंही होतं. "बाई, ह्ये बरोबर न्हाई. वरून कुनी ऐकलं तर तुमची नौकरी जाईल, माझी बी." मनकर्णा म्हणाली, "तुमी पेढा खाल्ला ना दत्तराव आमच्या घरचा?"  दत्तरावांनी टेबलावरचा चष्मा उचलला, चहा पिऊन येतो म्हणाले, आणि जाताना दार ओढून घेतलं. ती औरंगाबादच्या ऑपरेटरला म्हणाली, मुंबई दे, अर्जंट. नंबर लागला. तिनं हेडसेट आईच्या पांढऱ्या केसांवर बसवला आणि आपल्या कानाशी दुसरा लावला. कासाबाईनं आयुष्यात फोन धरला नव्हता. तिला वाटलं, मुंबई लांब आहे. ती रानातून पलीकडच्या टेकडीवर हाक मारावी तशी ओरडली. "माझा लेक पळाला न्हाई! त्यो तुमच्या जहाजावर व्हता, अन् पान्यात मेला! तसं लिवा!"  मग तो मऊ आवाज. "कोण बोलतंय? हे पाहा आजी, हळू बोला. आपल्याकडं काही पुरावा आहे का?" "पुरावा? ज्येला माझ्या लेकानं वाचीवलं त्यो आला व्हता ना तुमच्या दारात? त्येचा हात बघितला ना तुमी? स्टो भडकला म्हनून सांगता? तुमच्या घरात किती स्टो भडकलेत, ते सांगा मला!" "आजी, मी आपलं दुःख समजू शकतो..." "समजू नगा! लिवा!" खट् आवाज झाला.

"काय झालं?" कासाबाईनं विचारलं. "ठेवला त्यानं." "पुन्यांदा लाव." मनकर्णानं लावला. तो मऊ आवाज आता तितका मऊ नव्हता. त्यानं ठेवला. तिनं पुन्हा लावला. मग कुणी दुसराच बोलला, साहेब बाहेर गेलेत म्हणाला. कासाबाई म्हणाली, मंग तू लिव, तुला हात हाय ना? ठेवला. बोर्डावर दिवे लागत होते, जिंतूर, सेलू, परळी, मोंढ्यातले आडते, दवाखाना. दवाखान्याचा दिवा ती दर वेळी आधी घेत होती, बाकीचे तसेच जळत ठेवत होती. खालून येऊन कुणीतरी दारावर थाप मारली, एक्स्चेंज मेलंय का, म्हणून. औरंगाबादची ऑपरेटर विचारत होती, परभणी, काय चाललंय तुझं, एकच नंबर? मनकर्णा म्हणाली, "लागेपर्यंत. तू देत राहा."  पलीकडची म्हणाली, "देते. तुझ्या आधीचे सगळे मी थांबवलेत. बोल तू."

घंटी वाजू लागली. कासाबाईचा घसा बसला होता, तिनं हेडसेट काढला आणि मांडीवर ठेवला. इतका वेळ भिंतीशी उभी असलेली बायना पुढं आली. पदर खोचलेला, कपाळावर ते मोठं कुंकू. "अक्का, मला द्या." मनकर्णानं तिच्याकडं पाहिलं. मग हेडसेट तिच्या डोक्यावर ठेवला, तोंडाजवळची नळी नीट केली. पलीकडं कुणीतरी उचललं, हॅलो म्हणालं, वैतागून. "हॅलो," बायना म्हणाली. ती ओरडली नाही. "तुमी म्हनता त्ये पळाले. मी त्येंची बायकू. कुणापासून पळाले, ते मला सांगा. मी ऐकायलेय."